गाडी असेल तर नोकरी, नोकरी असेल तर गाडी

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरचा आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मोटारींवरचा वेगळा उपकरही गेला. त्यानंतर वाहिन्यांवर शोरूमच्या दारातली गर्दी, हार घातलेल्या गाड्या आणि मध्यमवर्गाच्या दिवाळीचे मथळे चालले. सर्वांत स्वस्त मोटारीची शोरूममधली किंमत साडेतीन लाखांच्या आसपास आली. आपल्या वस्त्यांमध्ये या बातमीची फार चर्चा झाली नाही, आणि त्यात नवल काही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या दर शंभर कुटुंबांपैकी जेमतेम साडेसात कुटुंबांकडे मोटार असल्याचे दिसले. महाराष्ट्रातही हा आकडा नऊच्या आतच आहे. ज्या घराला मोटार घेणेच शक्य नाही, त्या घराला तिच्यावरच्या कराचे काय देणेघेणे?

तरीही आम्हाला वाटते की वाहनाचा प्रश्न आपल्या चळवळीच्या विषयपत्रिकेवर यायला हवा. आरक्षण, शिष्यवृत्ती, अत्याचाराच्या घटना यांवर आपण बोलतो आणि बोललेच पाहिजे. पण वस्तीपातळीवर काम करताना आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मुलगा किंवा मुलगी बारावी, आयटीआय, कधी पदवी पूर्ण करते. मुलाखत होते, निवड होते, घरी पेढे येतात. आणि तीन-चार महिन्यांत काम सुटते. कारण विचारले तर उत्तर एकच : "जाणं जमत नव्हतं." घरचे म्हणतात, पोराला कामाची आवड नाही. सुपरवायझर म्हणतो, वेळेवर येत नाही. पोराची पाळी सकाळी सहाला सुरू होते आणि वस्तीतून पहिली बस निघते पावणेसहाला, याची नोंद कुठेच होत नाही.

नोकरीच्या जाहिराती जरा बारकाईने वाचा. घरपोच सामान पोहोचवणारे, पॅथॉलॉजी लॅबसाठी रक्ताचे नमुने गोळा करणारे, एसी दुरुस्त करणारे, फायनान्स कंपनीचे फिल्ड ऑफिसर, औषध वितरकाकडचे डिलिव्हरी बॉय. शिक्षणाची अट दहावी किंवा बारावी, पगार पंधरा ते अठरा हजार, आणि शेवटची ओळ : स्वतःची दुचाकी व लायसन्स आवश्यक. या ओळीतली पात्रता कोणत्याही शाळेत मिळत नाही. ती घरून आणावी लागते. ज्याच्या वडिलांची जुनी गाडी दारात उभी आहे, मामाने नवी घेताना जुनी भाच्याला दिली आहे, त्याला ही अट वाटतच नाही. पहिल्या पिढीत पगारी नोकरीसाठी बाहेर पडणाऱ्या आपल्या पोराला मात्र पगार सुरू होण्याआधीच साठ-सत्तर हजारांची मालमत्ता उभी करावी लागते. कंपनीचा माल ज्या गाडीवरून फिरतो ती गाडी कामगाराची, तिचा हप्ता कामगाराचा, पंक्चर कामगाराचे. भांडवल मालकाने घालायचे आणि श्रम कामगाराने द्यायचे असे आपण समाजशास्त्राच्या वर्गात शिकलो होतो. इथे दोन्ही कामगारच घालतो आहे.

वाहनाचा प्रश्न आपल्या इतिहासात नवा नाही. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत वाहनाचे दोन प्रसंग आहेत. पहिला १९०१ सालचा. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीला होते. त्यांना भेटायला निघालेला लहान भीमराव, त्याचे भाऊ आणि भाचे मसूर स्टेशनवर उतरले. जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, पण अट अशी की बैलगाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. दुसरा प्रसंग १९२९ सालचा, चाळीसगावचा. तेव्हा बाबासाहेब बॅरिस्टर होते आणि मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य होते. स्टेशनवर त्यांना घ्यायला आलेल्या आपल्या लोकांना टांगेवाला मिळेना. टांगा कसाबसा मिळाला, पण तो हाकायला ज्याला बसवले त्याला टांगा हाकता येत नव्हता. पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

हे प्रसंग आपण अस्पृश्यतेचे दाखले म्हणून सांगतो, ते बरोबरच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. दोन्ही वेळा भाड्याचे पैसे होते, दुप्पट मोजायचीही तयारी होती. नव्हते ते आपल्या मालकीचे वाहन, आणि ते सुरक्षित चालवू शकणारा आपला माणूस. वाहन कोणाच्या हातात आहे यावर आपण कुठे पोहोचू आणि धड पोहोचू की नाही हे ठरत होते.

गावकुसाबाहेरची वस्ती हा तर मुळातच अंतराचा प्रश्न. शहरात आल्यावर ते अंतर कमी झाले, कारण आपल्या माणसांनी जागा निवडली ती कामाच्या जवळची : गिरणीजवळची चाळ, रेल्वेरुळालगतची झोपडी, नाल्याकाठचे पत्र्याचे घर. घर वाईट पण काम पायी जाण्याच्या अंतरावर, असा तो व्यवहार होता. गेल्या तीसेक वर्षांत तो व्यवहार मोडला. गिरण्या बंद झाल्या. कारखाने चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरीसारख्या औद्योगिक पट्ट्यांत गेले. आणि वस्त्यांचे 'पुनर्वसन' भलतीकडेच झाले. मुंबईत तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या हटवून हजारो माणसे माहुलला नेली. तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या प्रदूषणाचा प्रश्न उच्च न्यायालयात गाजला, तो गाजायलाच हवा होता. पण घर बदलल्यामुळे ज्या बायकांची धुण्याभांड्याची कामे गेली, ज्या मुलांची शाळा सुटली, त्यांचा हिशेब कोणत्या निकालात मांडला गेला? पक्के घर मिळाले आणि कच्ची का होईना, मिळकत गेली.

अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ जॉन केन यांनी १९६८ साली शिकागो आणि डेट्रॉईट या शहरांचा अभ्यास करून हीच गोष्ट मांडली होती. कारखाने उपनगरात सरकले, पण घरांच्या बाजारातल्या वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय कामगार शहराच्या जुन्या भागातच अडकून पडले, आणि त्यांच्या बेकारीचे एक मोठे कारण हे अंतर आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर तिकडे पुढे पन्नास वर्षे अभ्यास होत राहिले. वॉशिंग्टनच्या अर्बन इन्स्टिट्यूटने २०१४ साली सरकारी घरभाडे मदत मिळणाऱ्या गरीब कुटुंबांच्या माहितीवर आधारलेला अहवाल काढला. ज्यांच्याकडे मोटार होती त्यांना काम मिळण्याची आणि ते टिकण्याची शक्यता अधिक दिसली, आणि ती कुटुंबे तुलनेने चांगल्या वस्तीत राहायला जाऊ शकली. व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन शहरात १९९६ पासून एक गॅरेज लोकांनी दान दिलेल्या जुन्या मोटारी दुरुस्त करून कमी उत्पन्नाच्या कामगारांना देते. दया म्हणून हे चालत नाही. सरकारी मदतीवर जगणाऱ्या आईला कामावर जाता यावे, हा त्यामागचा साधा हिशेब आहे.

अमेरिका दूर राहिली, आपल्या देशातलाच पुरावा घ्या. बिहारमध्ये २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अभ्यासकांनी तिचा परिणाम तपासला. त्यांच्या अंदाजानुसार माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटली. शाळा तीच, मास्तर तेच, अभ्यासक्रम तोच. फक्त दोन चाके आली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळतात. शिक्षणापर्यंत पोहोचण्यासाठी वाहन लागते हे शासनाला मान्य आहे. रोजगारापर्यंत पोहोचण्यासाठी ते लागते हे अजून मान्य नाही.

आता कोणी म्हणेल, मग घ्यावी गाडी, स्वस्त झाली आहे. इथे थोडा हिशेब मांडू. समजा एका कंत्राटी कामगाराला २६ दिवसांचे १५ हजार मिळतात, म्हणजे दिवसाला साधारण ५७५ रुपये. काम घरापासून २० किलोमीटरवर. शेअर रिक्षा, बस, पुन्हा शेअर रिक्षा असे करत एका बाजूला ५० रुपये गेले तर महिन्याला २,६०० रुपये होतात. गाडी घेतली तर महिन्याला १,०४० किलोमीटर धाव, पन्नासचा ॲव्हरेज आणि १०४ रुपये लिटरचे पेट्रोल धरून इंधनाचेच सुमारे २,१५० होतात. त्यावर हप्ता. साठ हजारांचे कर्ज तीन वर्षांसाठी, एजंटच्या भाषेत 'फक्त बारा टक्क्यांनी', तर हप्ता बसतो २,२६७ रुपयांचा. म्हणजे महिन्याचा खर्च सुमारे ४,४०० रुपये, पगाराच्या तीस टक्क्यांच्या घरात. गाडी रिक्षा-बसपेक्षा महिन्याला अठराशे रुपयांनी महाग पडली. सर्व्हिसिंग, टायर, विमा अजून धरलेलाच नाही.

तरी माणसे गाडी घेतात, आणि ती वेडी नाहीत. बस चुकून महिन्यात तीन खाडे झाले तर सतराशे रुपये तिथेच गेले, वर हजेरी भत्ता बुडतो. दुसरी पाळी रात्री बारा-साडेबाराला सुटते तेव्हा रस्त्यावर बस नसते. ओव्हरटाइम मिळत असला तरी शेवटच्या बसच्या भीतीने सोडावा लागतो. मुलाला रात्री ताप चढला तर दवाखान्यात न्यायला शेजाऱ्याच्या मिनतवाऱ्या कराव्या लागतात. गाडीने रोजच्या रोज पैसे वाचत नाहीत. काम टिकते, आणि टिकलेल्या कामावर उरलेल्या गोष्टी उभ्या राहतात. पीएफ सलग जमा होतो, मुलाची शाळा बदलत नाही, घरमालकाला भाडे वेळेवर जाते. तीन वर्षांनी हप्ता संपला की गाडी उरते आणि पगारातले सव्वादोन हजार मोकळे होतात. अडचण ही की त्या तीन वर्षांत एक आजारपण, एक लग्न किंवा एक ले-ऑफ आला की सगळा डोलारा कोसळतो.

म्हणून गाडीच्या किमतीइतकेच, किंबहुना जास्त, महत्त्व कर्जाच्या अटींना आहे. वर सांगितलेले 'फक्त बारा टक्के' पाहा. हे व्याज तीनही वर्षे मूळ साठ हजारांवर लावलेले असते. तुम्ही मुद्दल फेडत आणले तरी व्याज कमी होत नाही. घटत्या शिलकीवर मोजले तर हाच दर सुमारे २१ टक्के पडतो. ज्याच्या वडिलांची पगारपत्रके आहेत तो बँकेत जाऊन याच्या निम्म्या दराने कर्ज आणतो. ज्याला रोखीने पगार मिळतो तो शोरूममध्येच टेबल टाकून बसलेल्या फायनान्सवाल्याकडे जातो. गरिबाला गाडी महाग पडते ती इथे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणे बंधनकारक आहे. त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो कागद मागा आणि तो एकच आकडा वाचा. वस्तीतल्या सुशिक्षित तरुणांनी शेजाऱ्यासोबत शोरूममध्ये जाऊन एवढे काम केले तरी पुष्कळ घरे वाचतील.

हप्ता चुकल्यावर गाडी ओढून नेणाऱ्यांबद्दलही बोलायला हवे. चौकात चार जण अडवतात, किल्ली काढून घेतात, बायकापोरांना रस्त्यात उतरवतात. ही माणसे कायद्याचे राज्य चालवत नाहीत. वसुली एजंटांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोनही करू नये असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. गुंडांकरवी वसुली करण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच बँकांना फटकारले होते, आणि पाटणा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशी जबरदस्तीची जप्ती बेकायदा ठरवली. कर्ज थकले म्हणजे माणसाची इज्जत तारण पडली असे होत नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी पोलीस ठाण्यात जाताना हे माहीत ठेवूनच जावे.

दुसरा रस्ता जुन्या गाडीचा. पंचवीस-तीस हजारांत दुचाकी, लाख-सव्वा लाखात जुनी मोटार मिळते. वस्तीतली बहुतेक वाहने अशीच आलेली असतात. इथे फसगत यंत्रात कमी आणि कागदात जास्त होते. गाडी तिसऱ्या मालकाकडे आली तरी आरसी पहिल्याच्या नावावर, त्यावर फायनान्स कंपनीचा बोजा अजून चढलेला, विमा संपलेला. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना राज्यात नवी सुरक्षित नंबरप्लेट सक्तीची झाली तेव्हा अशा किती गाड्या आहेत हे कळले. प्लेटची किंमत दुचाकीला कराशिवाय ४५० रुपये, ती भरायला लोक तयार होते, पण गाडीच त्यांच्या नावावर नव्हती. फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदलणे, बोजा उतरल्याचे ना-हरकत पत्र घेणे, किमान थर्ड पार्टी विमा काढणे ही कामे कंटाळवाणी आहेत. पण अपघात झाला की घर वाचते ते याच कागदांवर. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांतली ४४ टक्क्यांच्या आसपास दुचाकीवर होती. दुचाकीवर नवरा-बायको आणि दोन मुले बसवून सासरवाडीला निघालेल्या आपल्याच माणसांना नावे ठेवणे सोपे आहे. चारचाकी ही त्यांच्यासाठी चैन नाही, हे मात्र त्या आकड्यांवरून दिसते.

याच भावनेतून एक लाखाची नॅनो आली होती. २००८ मध्ये तिचा केवढा गाजावाजा झाला! दहा वर्षांत ती बंद पडली. कारणे अनेक सांगतात, पण आमच्या मते एक ठळक आहे : तिच्यावर 'सर्वांत स्वस्त' असा शिक्का बसला, आणि गरिबाची गाडी म्हणून ओळखली जाणारी गाडी गरिबालाही नको असते. ज्यांना हिणवून जगवले गेले त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

गाडी मालकीची असली म्हणजे स्थैर्य आलेच, असेही मानू नये. पिवळ्या पाटीची मोटार घेऊन ॲप कंपन्यांना जोडलेल्या तरुणांची कहाणी ताजी आहे. सुरुवातीला घसघशीत बोनस मिळत होता, त्या भरवशावर सात-आठ लाखांची कर्जे काढली गेली. गाड्या रस्त्यावर भरपूर झाल्यावर बोनस आटला, कंपनीचा वाटा राहिला, हप्ता तसाच राहिला. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतल्या ओला-उबर चालकांनी लांबलेला संप केला तो यातूनच. गाडीच्या कागदावर नाव चालकाचे, पण भाडे किती, गिऱ्हाईक कोणते, खाते कधी बंद करायचे हे ठरवणारा दुसराच. मसूरच्या बैलगाडीत मालक बाजूने चालत होता आणि गाडी मुलांना हाकावी लागत होती. इथे उलटे आहे, पण तितकेच विचित्र आहे.

सामूहिक मार्ग आहे का? आहे, आणि तो एका ऐतिहासिक लढ्यात वापरून झाला आहे. अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात ५ डिसेंबर १९५५ पासून कृष्णवर्णीयांनी शहर बसवर बहिष्कार टाकला. रोझा पार्क्स आणि मार्टिन ल्यूथर किंग ही नावे आपल्या सभांमध्ये आदराने घेतली जातात. पण बहिष्कार ३८१ दिवस टिकला कसा, हे आपण क्वचित सांगतो. बसमधून जाणाऱ्यांत घरकाम करणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्यांना रोज शहराच्या दुसऱ्या टोकाला कामावर जायचे होते. काम गेले असते तर लढाही गेला असता. आधी कृष्णवर्णीय टॅक्सीचालकांनी बसच्याच भाड्यात, दहा सेंटमध्ये, माणसे नेली. प्रशासनाने किमान भाड्याचा नियम पुढे करून ते बंद पाडले. मग समाजातल्या लोकांनी आपल्या मोटारी दिल्या. सुमारे तीनशे गाड्या, ठरलेले थांबे, ठरलेल्या वेळा. चर्चच्या नावावर स्टेशन वॅगन घेतल्या गेल्या. विमा कंपन्यांनी विमे रद्द केले तेव्हा लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवला. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी स्थानिक न्यायालयाने या गाड्यांवर बंदी घातली, आणि त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल कायम केला. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा महिना होत आला होता.

माँटगोमेरीच्या त्या गाड्या बसला पर्याय म्हणून नव्हत्या, बस सन्मानाने मिळावी म्हणून होत्या. आमचीही भूमिका तीच आहे. सार्वजनिक बसव्यवस्थेचे गळे आवळून 'घ्या स्वस्त गाड्या' म्हणणे हा कामगाराच्या खिशातून खर्च काढण्याचा प्रकार आहे. २०२५ या एकाच वर्षात जानेवारीत एसटीचे भाडे जवळपास १५ टक्क्यांनी वाढले, आणि मे महिन्यात मुंबईत बेस्टचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा झाले. एसटीत २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, त्याचा आपल्या आयाबहिणींना खरोखर उपयोग होतो. पण अर्ध्या तिकिटाची बस पाळी सुटायच्या वेळी असायला हवी ना. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना कामावर ठेवायचे तर घरापर्यंत वाहनाची सोय करण्याची जबाबदारी मालकावर आहे. मॉलच्या झाडलोटीला कंत्राटदारामार्फत लावलेल्या किती बायकांना ही गाडी मिळते, हे आपल्या वस्तीत आज संध्याकाळीच विचारून पाहा.

शासनाकडे मागायचे काय, तर नवे काही शोधायला नको. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना मिनी ट्रॅक्टर देण्याची सामाजिक न्याय विभागाची योजना आहे. साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदान आणि १० टक्के गटाचा हिस्सा. म्हणजे दलित कुटुंबांच्या गटाकडे सामूहिक मालकीचे वाहन असावे हे तत्त्व शासनाने केव्हाच स्वीकारले आहे. ते शेतापुरते का? औद्योगिक पट्ट्यात एकाच पाळीला जाणाऱ्या आठ-दहा जणींच्या बचत गटाला याच अटींवर प्रवासी गाडी आणि तिचा परवाना का मिळू नये? महिलांच्या पिंक ई-रिक्षा योजनेत २० टक्के वाटा राज्य उचलते, १० टक्के लाभार्थीचा आणि ७० टक्के बँकेचे कर्ज. तिथेही गाडी अडते ती त्या सत्तर टक्क्यांवर. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे, वाहनासाठी अर्जही घेते, पण बँकेचा व्यवस्थापक मान हलवेपर्यंत प्रकरण पुढे सरकत नाही. कर्जाला हमी शासनाने द्यावी आणि नाकारल्यास बँकेने लेखी कारण द्यावे, ही मागणी घेऊन जिल्हा कार्यालयांवर जाता येईल.

आपल्या हातातली कामेही आहेत. प्रत्येक बुद्ध विहारात अभ्यासिका असावी असा आपला आग्रह असतो, आणि तो योग्यच आहे. तिथेच महिन्यातून एक रविवार लायसन्सचा फॉर्म भरणे, आरसी नावावर करून घेणे, विम्याची मुदत तपासणे यासाठी ठेवला तर? वस्तीतून एकाच एमआयडीसीत जाणाऱ्या सगळ्यांची पाळीनुसार यादी केली, तर कोण कोणासोबत जाऊ शकतो हे दिसेल. पेट्रोल वाटून घ्या, मात्र पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडे घेऊन माणसे नेऊ नका. तो परवान्याचा भंग आहे, आणि अपघातात विमा कंपनी हात वर करते. मुलींना गाडी शिकवा. घरात एकच गाडी असेल तर ती भावाची असते आणि बहीण त्याच्या सोयीने कामावर जाते, हे आपल्या, स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या घरांतही सर्रास चालते.

शेवटी एक निकाल, जो प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असावा. धाराशिव जिल्ह्यातला एक साखर कारखान्याचा पहारेकरी. त्याची पाळी पहाटे तीनला सुरू होत असे. एप्रिल २००३ मध्ये तो मोटारसायकलवरून कामावर निघाला असताना, कारखाना पाच किलोमीटरवर असताना, अपघातात मेला. उच्च न्यायालयाने म्हटले, अपघात कामावर झालेला नाही, भरपाई नाही. घरच्यांनी लढा सोडला नाही. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला : घर आणि कामाचे ठिकाण यांच्यातला प्रवास, वेळ आणि कारण यांचा कामाशी संबंध जुळत असेल तर, नोकरीचाच भाग मानायचा. या निकालाला बावीस वर्षे लागली. पहाटे तीनच्या पाळीला बस नसते, म्हणून माणूस मोटारसायकलवर होता. आपल्या वस्तीत कामावर जाता-येता कोणाला अपघात झाला असेल तर पाळीचा तक्ता, हजेरीपत्रक, पगाराची पावती आणि पोलीस पंचनामा लगेच गोळा करा. कंत्राटदार सर्वांत आधी हजेरीपत्रक गायब करतो.